गुणोत्तर श्रेढी : गाळलेली पदे

ज्या श्रेढीत मागच्या पदाला दरवेळी एकाच संख्येने गुणले की पुढचे पद मिळते, ती गुणोत्तर श्रेढी किंवा भूमिती श्रेढी. ही संख्या म्हणजे सामान्य गुणोत्तर. ती व पदे शून्य नसतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि पुढे रोज दुप्पट, महिन्याचे दान २,१४,७४,८३,६४६ कवड्या भरते.

मधली पदे गाळलेली असतील, तर आधी गुणोत्तर शोधावे. नंतरच्या ज्ञात पदाला आधीच्या पदाने भागावे आणि दोहोंत जितकी पावले, तितकावे मूळ काढावे. ३, _, _, २४ मध्ये भागाकार ८, पावले तीन. घनमूळ २, म्हणून गाळलेली पदे ६ आणि १२. पावले सम असली की गोम असते. ३, _, _, _, ४८ मध्ये गुणोत्तर २ किंवा −२, म्हणजे पदे ६, १२, २४ किंवा −६, १२, −२४. विद्यार्थ्यांकडून दुसरे उत्तर हमखास सुटते. सम पावलांवरची पदे विरुद्ध चिन्हांची असतील, तर वास्तव संख्यांत उत्तरच नाही.

जनगणनांमधल्या वर्षांचे अंदाज याच रीतीने काढता येतात. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २५,८३,५२४ आणि २०११ मध्ये २८,२२,१४३ होती. दशकाचे गुणोत्तर १.०९२४, त्याचे दहावे मूळ म्हणजे वर्षाचे गुणोत्तर सुमारे १.००८९. २००६ चे मधले पद दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, सुमारे २७,००,२००. ऋण मूळ इथे आपोआप बाद होते. साध्या सरासरीने २७,०२,८०० आले असते. फरक जेमतेम २,६००, कारण वाढच मंद आहे.

मात्र दरवर्षीचे गुणोत्तर सारखेच राहिले, हे यात गृहीत धरलेले असते. आटपाडी, खानापूर या दुष्काळी तालुक्यांत ते बेताने धरावे. इथली कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत आणि त्यांची मोजणी त्या-त्या गावी होते. जिल्ह्याचे गुणोत्तर तालुक्याला लावण्याचा मोह म्हणूनच टाळावा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. जुनेच गुणोत्तर पुढे चालवले तर त्या वर्षासाठी जिल्ह्याचा आकडा सुमारे ३०,८२,८०० येतो, पण त्या पदाला पलीकडून धरणारे ज्ञात पद नाही.