फासा आणि पिंजरा : जिवंत प्राणी पकडण्याच्या दोन पद्धतींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावे जयसिंगपूर वसविले. त्याच कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. प्राणी जिवंत पकडताना हवा तोच कसा सापडावा आणि नको तो कसा टाळावा, या प्रश्नाचे एक जुने उत्तर या परंपरेत आढळते.

विवेचन : चित्ता बंदिवासात सहसा वीत नाही. शिवाय मादीकडून शिकार शिकलेला प्रौढ चित्ताच कामाचा असल्याने पिल्ले पकडण्यात अर्थ नसे. चित्ते खूण ठेवण्यासाठी ठरावीक झाडाकडे पुन्हापुन्हा येतात, हे पारधी जाणत. त्या झाडाभोवती ते हरणाच्या तातीचे फासे खुंट्यांना बांधून मांडीत. येथे आमिष नसे. त्यामुळे त्याच्या वासाने तरस-कोल्हे ओढले जाण्याचा प्रश्नच नव्हता. निवड फाशात नव्हती, जागेच्या ज्ञानात होती. ज्यांच्यापाशी हे ज्ञान होते, त्या जमातीवर मात्र गुन्हेगार जमातींच्या कायद्याने शिक्का मारला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली.

या अचूकतेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पकडलेला प्रत्येक प्रौढ चित्ता रानातील वंशवृद्धीला मुकला. शिकार आणि अधिवासाचा ऱ्हास यांची त्यात भर पडली. विसाव्या शतकात कोल्हापूरला आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये कुनो येथे पुन्हा आफ्रिकेतीलच चित्ते सोडण्यात आले.

पिंजऱ्याचा अनुभव याहून वेगळा आहे. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले. आमिष लावलेल्या पिंजऱ्यात हल्ला करणाराच बिबट्या शिरेल, याची खात्री नसते. पकडलेल्यांपैकी अनेकांना दूर नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधानुसार, या काळात तेथील माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली.

निष्कर्ष : चुकीचा प्राणी न पकडणे हे साधनापेक्षा त्याच्या सवयींच्या अभ्यासावर अवलंबून असते. मात्र योग्य प्राणी अचूक पकडता आला, तरी तो पकडावा का, हा प्रश्न उरतोच. चित्त्याच्या बाबतीत तो वेळेवर विचारला गेला नाही. बिबट्याच्या बाबतीत अजून वेळ आहे.