नवी आवृत्ती आणि विश्वासार्ह आवृत्ती

साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी ऐतिहासिक कागद जमविले. तेव्हापासून सातारा-सांगलीकडील अभ्यासकास एक प्रश्न परिचित आहे: हाती आलेला कागद कोणाकडून आला? संगणकाच्या अलीकडील इतिहासातही हाच प्रश्न निर्णायक ठरला आहे.

जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावलींची बांधणी करणारी अनेक साधने स्वयंपूर्ण नसतात. अशी साधने इतरांनी रचलेल्या अनेक लहान पॅकेजांवर उभी असतात. ती मुख्यतः २०१० साली सुरू झालेल्या एनपीएम या भांडारातून येतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज कर्त्याने काढून घेताच कित्येक प्रकल्पांची बांधणी अडली.

दोष आढळल्यास नवी आवृत्ती घ्यावी, असा सर्वसाधारण उपदेश असतो. परंतु १२ जुलै २०१८ रोजी ‘ईएसलिंट-स्कोप’ची नवी आवृत्तीच दूषित निघाली. देखभाल करणाऱ्याचे खाते बळकावून ती प्रसिद्ध झाली होती आणि वापरणाऱ्यांची एनपीएमची प्रवेशचिन्हे चोरीत होती. वेबपॅक हे बांधणीचे साधनही याच पॅकेजावर अवलंबून होते. काही तासांतच ती आवृत्ती काढण्यात आली व जुनी प्रवेशचिन्हे रद्द झाली.

एनपीएममध्ये नेमक्या आवृत्त्या नोंदविणारी कुलूप-फाइल २०१७ मध्ये, तर दोष दर्शविणारी ‘ऑडिट’ आज्ञा २०१८ मध्ये आली. परंतु ऑडिटला ज्ञात दोषच दिसतात. म्हणून जुन्यास चिकटून राहणे जसे अहिताचे, तसेच नव्याचा तत्काळ स्वीकारही. आवृत्ती कुलूपबंद ठेवावी, नवी आल्यावर थोडे थांबावे, पडताळावी आणि मगच घ्यावी. कागदाप्रमाणे येथेही वयापेक्षा परंपरा पाहावी लागते.