पाचपैकी किती?

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमधलं मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षीचं. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. 1934 मध्ये खटला झाला तो या उत्तरांवरूनच, आणि कर्व्यांची बाजू लढवली डॉ. आंबेडकरांनी. गुन्हा काय, तर कुणी विचारलं आणि यांनी सरळ सांगितलं.

1952 मध्ये सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम आला. मग मोजणी सुरू झाली: नसबंदी किती, तांबी किती, निरोध किती. वरून उद्दिष्टं यायची, खालचे कर्मचारी ती पुरी करायचे. 1996 मध्ये उद्दिष्टं काढली, पण मोजायची सवय मुरली होती. अ‍ॅप किती फोनवर उतरलं ते मोजायचं, उघडतं कोण ते नाही, असा हा प्रकार. (आमच्या धंद्यातही अशा आकड्यांवर पार्ट्या होतात.)

वेगळी मोजपट्टी अमेरिकेत तयार झाली. काय केल्याने काय होतं हे ठाऊक असणं वेगळं आणि ‘ते मला जमेल’ असं वाटणं वेगळं, हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं. 1986 मध्ये रूथ अँड्रिया लेव्हिन्सन यांनी ते किशोरवयीन मुलींच्या गर्भनिरोधनाला लावलं. दुकानात साधन मागताना लाज वाटेल का, जोडीदाराला थांबवता येईल का, अशी विधानं. आपल्याबाबतीत ते कितपत खरं, हे 1 ते 5 मध्ये सांगायचं.

आता हीच पट्टी सालेकसा तालुक्यात लावून बघा. गोंदिया जिल्ह्याचं हे टोक छत्तीसगडला लागून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2015-16 पासून जिल्हावार आकडे देतं. गोंदियाच्या पत्रकात कोणतं साधन किती टक्के, हे मिळतं. पण ते 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांचं. लग्न न झालेली एकोणीस वर्षांची मुलगी त्या रकान्यात नाहीच. तालुक्याचा वेगळा आकडाही नाही.

लेव्हिन्सनबाईंची विधानं इथे जशीच्या तशी चालणार नाहीत. दुकानदार बाबांना ओळखतो. आशाताई निरोध आणि माला-एन दारात आणून देते, पण ती गावचीच. तिच्याशी बोलताना सासू शेजारी बसलेली असेल, तर पाचपैकी किती? ‘अंतरा’चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. दुसऱ्या वेळी दवाखान्यात जायचं कारण घरी काय सांगायचं?

मला भीती वेगळीच वाटते. गुण कमी आले, की मुलींसाठी आत्मविश्वासाचं शिबिर लावून सगळे मोकळे होतील. पाचपैकी एक हा गुण मुलीला पडला की त्या दुकानाला, त्या दवाखान्याला, त्या नवऱ्याला? रकाना कुणाच्या नावाचा, हे प्रश्नावली छापण्याआधी ठरवावं लागेल. आणि ‘मला जमेल’ हे गोंडीत, पोवारीत नेमकं कसं विचारायचं, ते तिथल्या मुलींकडूनच लिहून घ्यावं लागेल.