ध्वनिक्षेपक कोणाचा ?

१९२६ सालच्या मे महिन्यांत विलायतेंत नऊ दिवस असे उगवले कीं, सकाळीं दाराशीं नेहमींचें वर्तमानपत्र पडेना. खाणमालक कोळसा-कामगारांचें वेतन घटवूं पाहत होते. त्या कामगारांच्या साह्यास इतर धंद्यांतील मजुरांनीं ३ मेच्या मध्यरात्रीं सार्वत्रिक संप पुकारला, आणि छापखान्यांतील कामगारही त्यांत सामील झाले. एरवीं सायंकाळीं सातच्या आधीं बातम्या न देणारी नभोवाणी आतां सकाळीं दहापासून दिवसांतून पांच वेळां बातम्या सांगूं लागली.

बी. बी. सी. तेव्हां एक खाजगी कंपनी होती. सनद मिळून १ जानेवारी १९२७ रोजीं तिचें सार्वजनिक मंडळ व्हावयाचें होतें. कारभार छत्तीस वर्षांच्या जॉन रीथ यांच्या हातीं. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल हे 'ब्रिटिश गॅझेट' हें सरकारी पत्र चालवीत होते. नभोवाणीही सरकारनें ताब्यांत घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. पंतप्रधान बाल्डविन यांनीं तो मानला नाहीं. तशी गरजच पडली नाहीं, असें म्हणणें अधिक खरें.

कारण पुढें काय झालें पहा. कँटरबरीचे आर्चबिशप रँडॉल डेव्हिडसन यांनीं समेटाचें एक आवाहन तयार केलें : कामगारांनीं संप सोडावा, मालकांनीं नवे वेतनदर मागें घ्यावे, सरकारनें कांहीं काळ अर्थसाह्य चालू ठेवावें. तें तत्काळ वाचूं देण्यास रीथ धजले नाहींत. संप मोडण्याच्या आदल्या सायंकाळीं, ११ मे रोजीं, तें ऐकविलें गेलें. विरोधी पक्षाचे पुढारी रॅम्से मॅकडोनल्ड यांनीं बोलूं देण्याची विनंति केली. रीथ यांनीं त्यांचा मसुदा सरकारकडे धाडला. सरकारनें नकार दिला, आणि बोल लागला तो रीथ यांना. बाल्डविन मात्र ८ मे रोजीं रीथ यांच्या राहत्या घरांतूनच राष्ट्राशीं बोलले. संपवाल्यांचीं निवेदनें बातम्यांत येत, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण बातमींत नांव येणें निराळें, आणि स्वतःच्या तोंडानें बोलावयास मिळणें निराळें.

याच चर्चिलसाहेबांवर पुढें ध्वनिक्षेपकासाठीं विनवण्या करण्याची पाळी आली. १९२९ च्या अखेरीस दहा मिनिटांच्या भाषणाकरितां स्वतःच्या खिशांतून शंभर पौंड देण्याची त्यांनीं तयारी दाखविली. येथें वेळ विकत मिळत नाहीं, असें उत्तर आलें. हिंदुस्थानास स्वराज्याचे हक्क देण्याविरुद्ध त्यांना बोलावयाचें होतें, पण तें त्यांच्या पक्षाच्या धुरीणांनाही नको होतें.

मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना हा भाग मोठ्या चवीनें सांगत असें. आमच्या वैऱ्याचें तोंड परस्पर बंद झालें ! मुलें हंसत, मीही हंसे. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग मॅकडोनल्डसाहेबांना बोलूं दिलें नाहीं, तेव्हां आपण कां हंसलों नाहीं ?" तास संपल्याची घंटा झाली, म्हणून मी सुटलों. मुलगा वर्गाबाहेर गेला. प्रश्न मात्र गेला नाहीं. चर्चिल यांचें म्हणणें मला तेव्हांही अन्यायाचें वाटे, आजही वाटतें. तरी तें कोंडून ठेवल्यानें हिंदुस्थानचा पक्ष तिळभरही बळकट झाला नव्हता.

अखेर १९३५ च्या जानेवारींत हिंदुस्थानच्या प्रश्नावर चर्चिल यांना नभोवाणीवर बोलूं दिलें. ते कडाडून बोलले. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत हिंदुस्थान सरकारचा कायदा मंजूर झाला.