मुंबईत उतरलेले रंगकर्मी

नाझी राजवटीत परागंदा झालेले ज्यू रंगकर्मी हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटणं स्वाभाविक आहे. पण आकाशवाणीची जी संकेतधून ऐकत आपल्या घरांत सकाळ व्हायची, तिचं श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं, आणि ते प्रागहून 1934 मध्ये मुंबईला आलेले ज्यू संगीतकार होते. विषयाची एक वाट अशी आपल्या दारावरून जाते.

1933 नंतर बर्लिनच्या आणि 1938 नंतर व्हिएन्नाच्या रंगमंचावरून ज्यूंना हुसकावण्यात आलं. पुढचं आयुष्य बरंचसं कोण कुठे पोहोचलं यावर ठरलं. बर्लिनच्या कॅबरेतला लाडका नट-गायक कुर्ट गेरॉन नेदरलँड्समध्ये थांबला. मागोमाग जर्मन फौजाही आल्या. नाझींच्या तेरेझिन छावणीत डांबला गेल्यावर तिथेही त्याने ‘कारुसेल’ नावाचा कॅबरे उभा केला. ऑक्टोबर 1944 मध्ये आउश्वित्झला त्याची हत्या झाली.

नर्तिका हिल्डे होल्गर 1939 मध्ये मुंबईला पोहोचल्या. व्हिएन्नात त्यांची स्वतःची नृत्यशाळा होती. इथे त्यांनी डॉ. आदी बोमन-बेहराम या पारशी गृहस्थांशी लग्न केलं आणि 1941 मध्ये पुन्हा शाळा काढली. मागे राहिलेली आई आणि बहीण मात्र वाचल्या नाहीत. 1948 मध्ये होल्गर लंडनला गेल्या, तेव्हा भारतीय हस्तमुद्रांचा अभ्यास त्यांच्या नृत्यरचनांत मुरला होता. वाचकांनी सुरुवात होल्गरबाईंपासून करावी, असं मला वाटतं. बळींच्या आकड्यांनी आरंभ केला की माणसं दिसेनाशी होतात. तुम्ही आधी त्यांचं काम पाहा.

मुंबईच्या उदारतेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना सरसकट ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरवलं. पुरंदर किल्ल्यावर स्थानबद्ध केलेल्यांत नाझींपासून पळालेले ज्यूही होते. पिंपरी-चिंचवडहून पावसाळ्यात तिकडे सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

चाकणच्या कारखान्यांतल्या नोकरीसाठी जर्मन शिकलेल्या तरुणांना तर माझं खास आमंत्रण आहे. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी मुंबईत पटकथा लिहिणारे बर्लिनचे संपादक विली हास यांचं आत्मकथन जर्मनमध्ये आहे. ते अवश्य मिळवा, आणि मुंबईच्या वर्षांची पानं आधी काढून वाचलीत तरी चालेल.