‘इथून’ म्हणजे नेमकं कुठून?

“इथून तिसरं घर,” असा पत्ता आपण सहज सांगतो. पण ऐकणारा दुसऱ्याच चौकात उभा असेल तर? सापेक्ष पाथची अडचण हीच, आणि ती युनिक्सइतकीच जुनी आहे.

१९७० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये युनिक्सला ‘फोर्क’ची जोड मिळाली. प्रत्येक कमांड आता नव्या प्रोसेसमध्ये चालू लागली. गंमत म्हणजे त्यामुळे डिरेक्टरी बदलणारी ‘सीएचडीआयआर’ निकामी झाली! डिरेक्टरी बदलायची ती नव्या प्रोसेसची. ती संपली की शेल आपला होता तिथेच. शेवटी ही कमांड शेलने स्वतःच चालवायची, असं ठरलं. थोडक्यात, ‘इथून’ हे प्रोसेस ठरवते, प्रोग्रामची फाईल कुठे ठेवली आहे ते नव्हे.

प्लगइन आले आणि हाच धडा आम्ही पुन्हा गिरवला. प्लगइन म्हणजे भाडेकरू, चालतो यजमानाच्या प्रोसेसमध्ये. त्याने शेजारची फाईल मागितली तरी शोध होतो यजमानाच्या चालू डिरेक्टरीत. म्हणून माझ्या मशीनवर बिनबोभाट चालणारं प्लगइन ग्राहकाकडे “फाईल सापडत नाही” म्हणून बसतं. पीएचपीने २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत ‘__डीआयआर__’ दिलं: ही ओळ ज्या फाईलमध्ये आहे, तिची डिरेक्टरी. पत्ता सांगायचा तर आधी स्वतःचं घर सांगावं, हेच खरं.