शब्दवेध : ग्राउचो

फळमाशीच्या एका जनुकात विशिष्ट बिघाड झाला, की तिच्या डोळ्यांवर राठ केसांचे झुबके उगवतात. संशोधकांना आठवल्या त्या अमेरिकी विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या जाडजूड भुवया! जनुकाला ‘ग्राउचो’ हे नाव पडलं बिघाडावरून. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं खरं काम मात्र जनुकांना गप्प करण्याचं, आणि तेच मला विलक्षण वाटतं. ग्राउचोला स्वतःहून डीएनए धरता येत नाही. भ्रूणात ‘हेअरी’ हे प्रथिन आधी नेमक्या जनुकापाशी जाऊन बसतं; त्याच्या टोकाच्या चार अमिनो आम्लांना ग्राउचो चिकटतो. मग डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट काढणारं विकर तो बोलावून घेतो. डीएनएची गुंडाळी आवळते, आरएनए बनणं थांबतं. अळीचे खंड जागच्या जागी पडण्यात या दमनाचा मोठा वाटा आहे. माणसातही ग्राउचोची भावंडं आहेत, टीएलई नावाची.